छावणीबाहेरचा हौद

जुन्या करारात दोन गोष्टींना छावणीच्या हद्दीबाहेर जागा नेमून दिली आहे. लेवीयच्या तेराव्या अध्यायात कुष्ठरोग्याने छावणीबाहेर एकटे राहावे असा दंडक आहे. आणि अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात शौचासाठी छावणीबाहेर जावे, सोबत खणायचे हत्यार न्यावे व मळ मातीने झाकून टाकावा, अशी आज्ञा आहे. पहिल्या दंडकावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकतो, कारण प्रभू येशूने ती हद्द ओलांडून महारोग्याला स्पर्श केला. दुसऱ्या आज्ञेवर प्रवचन ऐकल्याचे क्वचितच कोणाला आठवत असेल. मिस्सेला जमलेल्या मंडळींपुढे शौचकूपाचा विषय काढणे आम्हा धर्मगुरूंनाही अवघड जाते. तथापि मुंबईच्या इतिहासात या दोन्ही दंडकांची गाठ एकाच आवारात पडली. शहराने महारोगी बाहेर ठेवले, त्यांच्याबरोबर त्यांचा मैलाही बाहेरच राहिला, आणि त्या मैल्यातून निघालेल्या वायूवर दिवे पेटले. माटुंग्याची ही हकीकत मराठी वाचकांना फारशी ठाऊक नाही. ती येथे मांडण्याचा विचार आहे.

हकीकतीचा आरंभ मुंबईपासून फार दूर, प्रशांत महासागरातील मोलोकाई बेटावर होतो. बेल्जियमचे फादर डेमियन १८७३ साली त्या बेटावरील महारोग्यांच्या वसाहतीत गेले. नॉर्वेचे डॉक्टर हान्सेन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला तो याच वर्षी. पुढे फादर डेमियन यांना तोच रोग जडला व १५ एप्रिल १८८९ रोजी त्यांनी देह ठेवला. (२००९ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्यांना संतपद दिले.) त्यांच्या मृत्यूच्या वार्तेने सारे जग हेलावले. लंडनमध्ये त्यांच्या स्मरणार्थ निधी उभा राहिला आणि त्या निधीतून १८९० साली हिंदुस्थानातील कुष्ठरोगाची पाहणी करण्यासाठी एक आयोग इकडे आला. हेलावण्यात करुणा होती तशी भीतीही होती, हे इतिहास लिहिताना लपवू नये. साहेबलोकांना वाटू लागले की, एक गोरा धर्मगुरू या रोगाने मरतो तर तो आपल्या दारातही येऊ शकतो. मुंबईच्या रस्त्यांवर भीक मागणाऱ्या महारोग्यांविषयी वर्तमानपत्रांतून ओरड सुरू झाली ती याच सुमारास.

त्या वेळी हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ हे सनदी अधिकारी मुंबई महापालिकेचे आयुक्त झाले. ॲक्वर्थ हे नाव मराठी साहित्याच्या अभ्यासकांना निराळ्या कारणाने परिचित आहे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने गावोगावच्या गोंधळी-शाहिरांकडून पोवाडे मिळवून त्यांनी ते १८९१ साली प्रसिद्ध केले आणि १८९४ साली त्यांतील काहींचे इंग्रजी पद्यानुवाद काढले. अफझलखानाच्या स्वारीचा, म्हणजे आमच्या धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरशी जोडलेल्या प्रसंगाचा जुना पोवाडा छापील रूपात आपल्या हाती आला, त्यात या गृहस्थाचा वाटा मोठा आहे. एकाच माणसाने पोवाडे वेचावेत आणि महारोग्यांच्या मैल्याचीही चिंता वाहावी, हा योग मला मनापासून आवडतो.

ॲक्वर्थ यांनी १८९० साली माटुंग्याच्या मोकळ्या जागेवर निराधार महारोग्यांसाठी आश्रम उघडला. लोकवर्गणी, सरकारची मदत आणि महापालिकेचा पैसा यांवर तो चालला. आवारात हिंदूंसाठी देऊळ, मुसलमानांसाठी मशीद आणि आपल्या लोकांसाठी रोमन कॅथलिक चॅपेल होते. म्हणजे आपल्या समाजातील माणसेही त्या भिंतीआड होती. गोव्याची असतील, साष्टी-वसईची असतील, उत्तनकडची असतील. ती जागा आता वडाळ्यात गणली जाते आणि आश्रमाचे रूपांतर ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालयात झाले आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. शेकडो माणसे एका आवारात कायमची राहू लागली म्हणजे त्यांच्या मैलापाण्याचे करायचे काय? शहरात तोवर मैला माणसाच्या डोक्यावरून जात असे. महापालिकेच्या दप्तरी त्यासाठी 'हलालखोर' नावाचे खाते होते आणि त्याच नावाचा करही होता. शहराच्या दक्षिण भागात भुयारी गटारे घातली जात होती; पण माटुंगा त्या काळी शहराच्या पार कडेला, भातशेती आणि दलदलीच्या मुलखात होते. तेथवर गटार आणायचे तर पैसा फार लागणार. शिवाय मुंबईची जमीन सखल, भरतीचे पाणी आत घुसणारे, पावसाळ्यात हातभर खणले की पाणी लागणारे. अशा ठिकाणी नुसता शोषखड्डा चालत नाही; खड्डा पाणी शोषून घेण्याऐवजी भोवतालचे पाणीच खड्ड्यात येते. समुद्रकाठच्या प्रत्येक गावाची ही अडचण आहे आणि आजही ती सुटलेली नाही. म्हणून आश्रमाचा मैला आश्रमातच जिरवायचा, असे ठरले. प्रथम ते पाणी आवारातील शेतीला दिले गेले. त्या शेतीत आश्रमाचे रहिवासी स्वतः राबत. बोटे झडलेल्या हातांनी केलेली ती शेती होती, हे विसरून चालणार नाही.

यानंतर आली ती सेप्टिक टँक. हा शब्द आता खेड्यापाड्यांतील गवंड्याच्याही तोंडी आहे, पण त्याचा जन्म कसा झाला हे पाहण्याजोगे आहे, आणि त्यात एका कॅथलिक धर्मगुरूचा हात आहे. फ्रान्समधील व्हेझूल या गावी मूरास नावाच्या गृहस्थाने १८६० च्या सुमारास आपल्या घराखाली एक बंद हौद बांधला. घरातील मैलापाणी त्यात पाण्याखाली सोडायचे आणि तितकेच पाणी दुसऱ्या बाजूने बाहेर जाऊ द्यायचे. बारा वर्षांनी झाकण काढून पाहतो तो हौदात गाळ जवळजवळ नाहीच, असे सांगितले जाते. या शोधाकडे शहाण्यासुरत्यांचे लक्ष जाईना. शेवटी ॲबे मॉइन्यो यांनी १८८१-८२ साली आपल्या विज्ञानविषयक नियतकालिकातून त्याची माहिती प्रसिद्ध केली. मॉइन्यो हे पूर्वी येशूसंघीय होते, गणिती होते, आणि विज्ञान सामान्य वाचकांपर्यंत नेणे हे त्यांनी आयुष्यभराचे व्रत मानले होते. मूरासच्या हौदाला फ्रेंचांनी जे नाव दिले त्याचा अर्थ 'आपोआप मैला काढणारा' असा होतो. तिकडे ते नाव एका हौदाला मिळाले. आपल्याकडे ते काम एका जातीला जन्मतः चिकटवलेले होते. पुढे १८९५ च्या सुमारास इंग्लंडमधील एक्सेटर शहराचे अभियंता डोनाल्ड कॅमेरॉन यांनी तशीच पण मोठी टाकी बांधली, तिला 'सेप्टिक टँक' हे नाव दिले आणि तिच्यातील वायूवर तेथल्या आवारातले दिवे लावून दाखवले.

मुंबई महापालिकेचे जलनिस्सारण अभियंता सी. कार्किट जेम्स यांनी ही युक्ती माटुंग्याला आणली. १८९७ साली आश्रमाच्या टाकीवर वायू गोळा करण्याची सोय झाली, असे या विषयावरील ग्रंथ सांगतात. तो वायू दिव्यांसाठी वापरला गेला आणि त्यावर इंजिनही चालवण्यात आले. जेम्स यांनी हे सारे अनुभव १९०२ साली पुस्तकरूपाने मुंबईत प्रसिद्ध केले व १९०६ साली त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. पूर्वेकडील शहरांच्या मैल्याचा विचार पूर्वेकडच्या हवापाण्यानुसार व्हावा, युरोपची नक्कल करून भागणार नाही, हा त्या पुस्तकाचा रोख आहे.

त्याचे कारण समजून घ्यायला टाकीच्या पोटात डोकावले पाहिजे. मैलापाणी टाकीत शिरले की जड भाग तळाशी बसतो, तेलकट व हलका भाग साय धरावी तसा वर तरंगतो. मधले पाणी पुढे सरकते. तळाच्या गाळात हवेशिवाय जगणारे जंतू असतात. ते गाळ खातात आणि त्यातून वायू सोडतात. त्या वायूचा मोठा भाग मिथेनचा, जो जळतो. उरलेला बव्हंशी कार्बन डायऑक्साइड. आणि थोडासा हायड्रोजन सल्फाइड, ज्याला सडक्या अंड्याचा वास येतो. हे जंतू उबेचे भुकेले असतात. पस्तीस अंशांच्या आसपास ते जोमाने काम करतात, पंधरा अंशांखाली ते पेंगू लागतात. एक्सेटरच्या हिवाळ्यात जे जंतू गारठत, त्यांना माटुंग्याच्या उकाड्यात बारमाही सुगी होती. मुंबईच्या ज्या हवेला साहेब नावे ठेवत, तीच हवा येथे उपयोगी पडली.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. टाकीतून बाहेर पडणारे पाणी दिसायला निवळ असले तरी शुद्ध नसते. त्यात रोगजंतू असतात आणि निम्म्याहून अधिक घाण विरघळलेल्या रूपात तशीच राहते. म्हणून त्या पाण्यावर पुढे आणखी एक संस्कार लागतो. दगडगोट्यांच्या थरांतून ते झिरपवायचे, म्हणजे हवेवर जगणारे निराळे जंतू उरलेले काम करतात. किंवा ते शेताला द्यायचे. त्या काळच्या अभियंत्यांना टाकी म्हणजे अर्धेच काम हे पक्के ठाऊक होते. पहिली पायरी टाकी, दुसरी पायरी दगडांची शय्या किंवा जमीन, आणि वायूचा निराळा बंदोबस्त, असा तो पूर्ण संसार होता. आपण त्यातली नुसती टाकी उचलली.

येथे एका सालाचा निवाडा करणे भाग आहे. जगभरच्या पुस्तकांत, आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या क्रमिक पुस्तकांतसुद्धा, 'जगातील पहिला बायोगॅस प्रकल्प १८५९ साली मुंबईतील महारोग्यांच्या वसाहतीत उभा राहिला' असे वाक्य आढळते. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरवले, आणि शंभर ठिकाणी छापले गेल्याने ते खरे वाटू लागले. मुळात माटुंग्याचा आश्रमच १८९० चा. १८५९ साली मुंबईत नळाचे पाणी आले नव्हते. विहारचा तलाव पूर्ण झाला तो १८६० मध्ये. पाण्यानिशी मैला वाहून नेणारी टाकी भरायची कशाने? मूरासचा हौददेखील अजून झाकणाखाली होता. तानसाचे पाणी शहराला मिळू लागले ते १८९२ साली. त्यामुळे १८९७ हे साल जुळते, १८५९ जुळत नाही. मुंबईचा मान अडतीस वर्षांनी पुढे ढकलला म्हणून कोणी नाराज होऊ नये. खऱ्या सालातही माटुंगा एक्सेटरच्या पाठोपाठच आहे, आणि उष्ण प्रदेशातील अशा कामांत त्याची गणना अगदी आरंभीच्या कामांत होते. शिक्षक असलेल्या वाचकांनी आपल्या शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तकात १८५९ आढळल्यास समासात पेन्सिलीने १८९७ लिहून ठेवावे.

ते १८९७ साल मुंबईच्या इतिहासात वेगळ्याच कारणाने काळे ठरले आहे. आदल्या वर्षी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला. व्हिएगस गोव्याचे, आपल्याच समाजातले. लोक शहर सोडून पळत होते, गल्ल्यांतील गटारांना शिव्या घातल्या जात होत्या, आणि त्याच दिवसांत शहराच्या कडेला, ज्यांना शहराने आधीच टाकून दिले होते त्यांच्या आवारात, मैल्याचा असा बंदोबस्त चालला होता. प्लेगनंतर मुंबईने आपले लक्ष मोठमोठी भुयारी गटारे आणि पंपघरे यांवर एकवटले. मोठ्या शहराला ते करणे भागच होते. मात्र लहान वस्तीने आपला मैला आपल्याच अंगणात शुद्ध करावा, हा माटुंग्याचा धडा त्यात मागे पडला.

तो पुरता बुडाला मात्र नाही. दादरला महापालिकेचे मैलाशुद्धीकरण केंद्र झाले. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतील जंतुशास्त्रज्ञ एस. व्ही. देसाई यांनी ते केंद्र पाहिले आणि १९३९ च्या सुमारास गाईच्या शेणापासून असाच वायू काढण्याचे प्रयोग केले. जशभाई पटेल यांनी १९५१ साली 'ग्रामलक्ष्मी' हे संयंत्र तयार केले, आणि साठीच्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार हाती घेतला. आपल्या खेड्यांत 'गोबरगॅस' म्हणून ओळखला जातो तो हाच. मराठवाड्यातील गोठ्याशेजारी लोखंडी टोपी घातलेला जो हौद दिसतो, त्याचे नातेवाईक दादर-माटुंग्याकडचे आहेत.

कोकणात या कामाला आणखी एका माणसाने हात घातला, ते आप्पासाहेब पटवर्धन. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून त्यांनी अन्न कमी केले आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी उपवास आरंभला. कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात त्यांनी स्वस्त, खत देणारे संडास बांधून दाखवले. ते ब्राह्मण होते आणि मैला स्वतः उपसत. देहूचे डॉक्टर सुहास मापुसकर यांनी हीच वाट पुढे नेली; संडासाला जोडलेल्या त्यांच्या वायू-संयंत्राचे नाव 'मलप्रभा'. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आज आपल्या घराघरांत काय आहे ते पाहू. वसईच्या वाड्यांत, उत्तन-गोराईत, थेट सिंधुदुर्गापर्यंत, घरामागे सेप्टिक टँक असते आणि वीस पावलांवर विहीर असते. टाकीचे पाणी उघड्या गटारात किंवा सरळ वाळूत सोडलेले असते. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर आले की टाकी आणि विहीर यांच्यामध्ये वाळूचा एक ओला पडदा तेवढा उरतो. नागपूरच्या नीरी संस्थेने 'फायटोरिड' नावाची पद्धत काढली आहे. टाकीतून निघणारे पाणी खडीच्या वाफ्यातून न्यायचे आणि त्या वाफ्यात कर्दळीसारखी पाण्याची आवड असलेली झाडे लावायची. तत्त्व तेच, दगडगोट्यांच्या शय्येचे. त्यावर फुले आली इतकेच. खर्च टाकीच्या मानाने फार नाही. आपल्या नव्या समाजमंदिरांच्या नकाशात वाहनतळ असतो, हा वाफा क्वचितच असतो.

वायूची गोष्ट तर याहून गंभीर आहे. माटुंग्याला ज्याने दिवे पेटले, तोच वायू आज आपल्या बंद टाक्यांत माणसे मारतो. मिथेन प्राणवायूला हुसकावून लावतो आणि हायड्रोजन सल्फाइड फार झाला की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो, म्हणून आत उतरलेल्याला धोका कळत नाही. एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. हाताने मैला उपसण्यास १९९३ च्या कायद्याने बंदी आली. २०१३ च्या कायद्याने साधनांवाचून माणसाला टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. तरीही बातम्या थांबलेल्या नाहीत, आणि मरणाऱ्यांची आडनावे बहुधा त्याच दोन-चार समाजांतली असतात. १८९७ सालचा अभियंता वायूला नळी लावून बाहेर काढत होता. आज आपण नळी विसरतो आणि माणूस आत सोडतो. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. त्यासाठी नगरपालिकेची यंत्राची गाडी मागवता येते, १४४२० हा क्रमांक याच कामासाठी आहे. चर्चच्या, शाळेच्या किंवा कॉन्व्हेंटच्या टाकीत पाचशे रुपये देऊन कोणाला उतरवले जात असेल, तर त्या दिवशी वेदीवरून काय वाचले गेले हे आठवावे लागेल.

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. बालाघाटच्या डोंगरांत वसलेला हा अवर्षणाचा मुलूख. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. कोकणात टाकीचे पाणी जिरत नाही म्हणून अडचण, तर इथे ते वाया जाते म्हणून हळहळ. भांड्याचे, आंघोळीचे पाणी शोषखड्ड्यात जिरवण्याची चाल मराठवाड्यातील अनेक गावांनी उचलली आहे आणि त्याने गल्ल्या कोरड्या झाल्या, डास कमी झाले. संडासाच्या टाकीकडे मात्र अजून कोणी वळत नाही. हिशेब सोपा आहे. एका माणसाच्या मैल्यातून दिवसाला सुमारे एक घनफूट वायू निघतो आणि घरगुती शेगडी तासाला साधारण दहा घनफूट जाळते. शंभर मुलांच्या वसतिगृहात म्हणजे दररोज एक शेगडी दहा तास चालेल. शंभर जणांचा स्वयंपाक त्यावर होणार नाही; पण सकाळचा चहा होईल, हिवाळ्यात लहान मुलांच्या आंघोळीचे पाणी तापेल, आणि मागचे पाणी कर्दळीच्या वाफ्यातून लिंबाच्या झाडांना जाईल. आमच्या धर्मग्राम मंडळापुढे मी हे आकडे ठेवले. खर्चाविषयी कोणी काही विचारले नाही. पहिला प्रश्न आला तो असा की, फादर, त्या गॅसवरचा चहा पिणार कोण?